काचबिंदू : दृष्टीच्या नसेचा मूक ऱ्हास

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही दोन नावे खेड्यापाड्यांत एका दमात घेतली जातात. नावांतील या साम्यामुळे दोन्ही विकार एकाच जातीचे असावेत, असा समज सर्वत्र रूढ झाला आहे. वस्तुतः या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसविले की गेलेली दृष्टी परत येते. काचबिंदूत मात्र डोळ्याला मेंदूशी जोडणाऱ्या नसेचे तंतू झिजतात आणि त्यांना पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या लोप पावतात. एकदा नष्ट झालेला तंतू पुन्हा निर्माण होत नाही. म्हणूनच मोतीबिंदूच्या रुग्णाला उशीर झाला तर बहुधा वेळ वाया जातो. काचबिंदूच्या रुग्णाला उशीर झाला तर दृष्टीच जाते.

हा विकार विरळा नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळीस वर्षांवरील सुमारे १ कोटी १२ लक्ष व्यक्तींना काचबिंदू होता. दक्षिण भारतात घरोघर जाऊन केलेल्या पाहण्यांतून याहूनही गंभीर गोष्ट निदर्शनास आली. ज्यांना हा विकार असल्याचे आढळले, त्यांपैकी दहांतील नऊ किंवा त्याहून अधिक व्यक्तींना त्याची कल्पनाच नव्हती. रोग अंगात आहे, पण घरात कोणालाही ठाऊक नाही, ही स्थिती ज्या कारणांमुळे उद्भवते ती समजून घेणे लोकांशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यास उपयुक्त ठरेल.

डोळ्यातील पाणी आणि त्याचा निचरा

डोळ्याच्या पुढील भागात एक स्वच्छ, पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो. त्याला नेत्रजल म्हणतात. डोळ्याबाहेर येणाऱ्या अश्रूंशी त्याचा संबंध नाही. पारपटल आणि भिंग यांना रक्तवाहिन्या नसतात. त्यांचे पोषण या नेत्रजलावर होते. दर मिनिटाला साधारणतः दोन ते अडीच घन मिलिमीटर इतके नेत्रजल निर्माण होते आणि तेवढेच बाहेर वाहून जाते. पारपटल आणि परितारिका जेथे एकत्र येतात, त्या कोनात एक अतिसूक्ष्म जाळी असते. तिच्यातून हा द्रव गाळला जाऊन शेवटी रक्तात मिसळतो.

आवक आणि निचरा यांचा मेळ असेतोपर्यंत डोळ्यातील दाब योग्य मर्यादेत राहतो. पाऱ्याच्या स्तंभाच्या परिमाणात तो सामान्यतः १० ते २१ मिलिमीटर असतो. निचऱ्याची जाळी वयोमानाने वा अन्य कारणाने निकामी होऊ लागली की पाणी तुंबते आणि दाब वाढतो. यात कोन खुलाच असतो, पण जाळी तुंबलेली असते. हा विकाराचा संथ प्रकार होय. दुसऱ्या प्रकारात परितारिका पुढे सरकून कोनच बंद करते. मग दाब कधी हळूहळू, तर कधी काही तासांत भयंकर वाढतो. बंद कोनाचा हा प्रकार आशियाई देशांत तुलनेने अधिक आढळतो.

दहा-बारा लक्ष तंतूंची दोरी

डोळ्याच्या मागील बाजूस दृष्टिपटल असते. प्रकाशाची जाणीव होणाऱ्या पेशी त्यातच असतात. त्यांच्याकडून आलेला संदेश शेवटी एका विशिष्ट प्रकारच्या चेतापेशींकडे पोहोचतो. या प्रत्येक पेशीपासून एक लांब तंतू निघतो. हे तंतू दृष्टिपटलाच्या पृष्ठभागावरून पसरत एका वर्तुळाकार जागी एकत्र येतात, तेथे काटकोनात वळतात आणि डोळ्याबाहेर पडून मेंदूकडे जातात. अशा सुमारे १० ते १२ लक्ष तंतूंची मिळून जी दोरी बनते, ती दृष्टिचेता, म्हणजेच दृष्टीची नस.

नस डोळ्याबाहेर पडते तेथे तिला एका चाळणीतून जावे लागते. डोळ्याच्या पांढऱ्या कवचातील ही चाळणी तंतुमय पडद्यांच्या थरांची बनलेली असून तिच्या छिद्रांतून तंतूंचे जुडगे बाहेर पडतात. चाळणीच्या वरच्या व खालच्या भागांतील छिद्रे मोठी आणि त्यांमधील आधार विरळ असतो. काचबिंदूत प्रथम वरचे व खालचे तंतू निकामी होतात, ते याच कारणाने असावे, असे मानले जाते.

प्रत्येक तंतूच्या आत दुहेरी वाहतूक चालू असते. पेशीत तयार झालेली द्रव्ये मेंदूकडे जातात आणि पेशीला जिवंत ठेवणारी काही द्रव्ये मेंदूकडून परत येतात. डोळ्यातील दाब वाढला की चाळणी मागे झुकते, तिची छिद्रे वेडीवाकडी होतात आणि तंतू चिमटले जाऊन ही वाहतूक अडते. रसद तुटलेली पेशी काही काळ तग धरते आणि अखेर मरते. तंतू कमी होत गेले की नसेच्या मुखाशी असलेला खोलगट भाग रुंदावत जातो. डोळ्यात उजेड टाकून तपासणाऱ्या डॉक्टरांना दिसणारी ही खोली हीच काचबिंदूची प्रमुख खूण होय.

दाब की रक्तपुरवठा?

१८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आत पाहण्याच्या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जिवंत माणसाच्या दृष्टिचेतेचे मुख प्रथमच नजरेच्या टप्प्यात आले. पुढे १८५८ च्या सुमारास दोन मते मांडली गेली. हाइनरिख म्युलर यांच्या मते वाढलेला दाबच तंतूंना चिरडतो. एडुआर्ड येगर यांच्या मते मूळ दोष रक्तपुरवठ्यात आहे. या दोन मतांमधील वाद शंभराहून अधिक वर्षे चालला.

केवळ दाबाच्या आधारे सर्व गोष्टींचा उलगडा होत नाही, हे खरे आहे. काही व्यक्तींच्या डोळ्यातील दाब कधीही २१ च्या वर जात नाही, तरीही त्यांचे तंतू झिजतात. उलट, काहींचा दाब वर्षानुवर्षे अधिक असूनही नस शाबूत राहते. अमेरिकेत दाब जास्त, पण नस निरोगी अशा सोळाशेहून अधिक व्यक्तींवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यात उपचार न घेतलेल्या गटातील साडेनऊ टक्के व्यक्तींना पाच वर्षांत काचबिंदू झाला. उपचार घेतलेल्या गटात हे प्रमाण ४.४ टक्के होते. दाब उतरविल्याने धोका निम्म्याहून कमी झाला, ही त्यातील पहिली शिकवण. दुसरी अशी की, उपचार न घेताही दहांपैकी नऊ जणांना त्या काळात विकार झाला नाही. अर्थात, दाबाखेरीज नसेची स्वतःची सहनशक्तीही विचारात घ्यावी लागते.

ही सहनशक्ती बव्हंशी रक्तपुरवठ्यावर अवलंबून असते. कालव्याचे पाणी शेपटाकडील शेतापर्यंत पोहोचावयाचे तर मुखाशी पुरेशी पातळी हवी आणि वाटेत अडथळा नको. डोळ्याचेही तसेच आहे. रक्त आत ढकलणारा रक्तदाब आणि त्याला विरोध करणारा डोळ्यातील दाब यांच्या फरकावर पुरवठा ठरतो. उदाहरणादाखल, एखाद्याचा खालचा रक्तदाब ८० आणि डोळ्यातील दाब १६ असेल, तर फरक ६४ चा पडतो. खालचा रक्तदाब ६० पर्यंत उतरला आणि डोळ्यातील दाब ३० पर्यंत चढला, तर फरक अवघा ३० उरतो. निरोगी रक्तवाहिन्या अशा वेळी रुंदावून पुरवठा सांभाळतात. ज्यांच्या वाहिन्यांत ही लवचिकता उरलेली नसते, त्यांची नस उपाशी राहते.

दृष्टिचेतेच्या मुखाचा रक्तपुरवठा प्रामुख्याने डोळ्याच्या मागील बाजूने शिरणाऱ्या आखूड रोहिण्यांतून होतो. या पुरवठ्याचा मूलभूत अभ्यास करणाऱ्यांत पंजाबात जन्मलेले आणि पुढे इंग्लंड व अमेरिकेत कार्य केलेले नेत्रतज्ज्ञ सोहनसिंग हायरे यांचे नाव अग्रभागी आहे. रात्री झोपेत रक्तदाब स्वाभाविकपणेच उतरतो. तो फाजील उतरल्यास नसेला इजा पोहोचू शकते, या शक्यतेकडे त्यांनी १९९४ साली लक्ष वेधले.

केशवाहिन्यांचा लोप

दृष्टिपटलावरील तंतूंच्या थरात केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. नसेच्या मुखाभोवती या केशवाहिन्या तंतूंना समांतर, किरणांप्रमाणे पसरलेल्या असतात. जेथे तंतूंचा थर जाड, तेथे हे जाळे दाट असते.

पूर्वी या वाहिन्या पाहावयाच्या तर शिरेतून रंगद्रव्य टोचून छायाचित्रे घ्यावी लागत आणि तरीही हे सूक्ष्म जाळे स्पष्ट दिसत नसे. १९९१ साली ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी ही पद्धत जगापुढे आली. प्रकाशकिरणांच्या साहाय्याने दृष्टिपटलाचे थर मोजणारे हे तंत्र आज ओसीटी या नावाने परिचित आहे. निरोगी प्रौढ डोळ्यात नसेभोवतीच्या तंतूंच्या थराची सरासरी जाडी साधारणतः १०० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग असते. काचबिंदूत ती घटत जाते. २०१२ च्या सुमारास या तंत्रात आणखी प्रगती झाली. एकाच जागेची प्रतिमा लागोपाठ अनेकदा घेऊन, मधल्या काळात जे हलले तेच वाहते रक्त, या तत्त्वावर कोणतेही औषध न टोचता केशवाहिन्यांचा नकाशा काढता येऊ लागला.

काचबिंदू झालेल्या डोळ्यांच्या अशा नकाशात हे जाळे विरळ झालेले दिसते. जेथे तंतूंचा थर झिजलेला, तेथेच पाचरीच्या आकाराचा वाहिन्याहीन पट्टा आढळतो आणि दृष्टिक्षेत्रातील उणीवही त्याच पट्ट्याशी जुळते. वाहिन्यांची घनता जितकी कमी, तितकी दृष्टीची हानी अधिक, असा संबंध अनेक अभ्यासांत दिसून आला आहे.

आता प्रश्न असा की, वाहिन्या आधी नाहीशा होतात की तंतू आधी मरतात? तंतू मेल्यावर त्या जागी रक्ताची गरज उरत नाही आणि वाहिन्या आपोआप मिटतात, असे एक मत आहे. पीक काढून घेतलेल्या शेतात पाटाचे पाणी कोण सोडील? रक्त अपुरे पडल्यामुळेच तंतू मरतात, असे दुसरे मत आहे. बहुधा दोन्ही क्रिया एकमेकींस हातभार लावतात : दाबामुळे चाळणी वाकते, चाळणीबरोबर तिच्यातील वाहिन्याही दबतात, आणि अर्धपोटी तंतू दाबाला लवकर बळी पडतो. या प्रश्नाचा अंतिम निर्णय अद्याप लागलेला नाही. तथापि उपचाराच्या दृष्टीने या ज्ञानाचा उपयोग झाला आहे. विकार फार पुढे गेल्यावर तंतूंच्या थराची जाडी एका मर्यादेखाली उतरत नाही, कारण मृत तंतूंच्या जागी आधारपेशी व मोठ्या वाहिन्या उरलेल्या असतात. अशा अवस्थेतही केशवाहिन्यांची घनता घटत असल्याचे मोजता येते आणि विकार थांबला की चालूच आहे, हे ठरविण्यास मदत होते.

रुग्णाला कळत का नाही?

खुल्या कोनाच्या काचबिंदूत डोळा दुखत नाही, लाल होत नाही आणि वाचण्याची नजर शेवटपर्यंत टिकते. प्रथम कडेची नजर तुकड्यातुकड्यांनी जाते. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो आणि उरलेली पोकळी मेंदू आपल्या कल्पनेने सांधतो. त्यामुळे रुग्णाला काळा डाग दिसत नाही; जे दिसत नाही ते दिसत नाही, हेच त्याला उमगत नाही. १९८२ साली अमेरिकेतील क्विग्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी मरणोत्तर मिळालेल्या नसांतील तंतू मोजून दाखविले की, त्या काळच्या दृष्टिक्षेत्र-तपासणीत दोष उमटण्यापूर्वीच ४० टक्क्यांपर्यंत तंतू नष्ट झालेले असू शकतात. पायरी चुकणे, बाजूने येणारे वाहन न दिसणे, दारावर खांदा आपटणे या तक्रारी सुरू होतात तोवर बराच उशीर झालेला असतो.

बंद कोनाच्या तीव्र झटक्याचे स्वरूप मात्र निराळे असते. डोळा लाल होतो, असह्य ठणका लागतो, डोके दुखते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. उलट्यांमुळे हे पित्त समजले जाते आणि घरगुती उपायांत मोलाचे तास निघून जातात. लाल डोळा, अंधूक नजर आणि उलट्या एकत्र दिसल्यास रुग्णाला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पोहोचविणे अत्यावश्यक आहे.

उपचाराची वाटचाल

बर्लिनचे आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी १८५७ साली परितारिकेचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया काचबिंदूसाठी पुढे आणली. या इतिहासात भारताचाही वाटा आहे. मद्रास येथील सरकारी नेत्ररुग्णालय १८१९ साली स्थापन झाले. त्याचे अधीक्षक रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९०९ च्या सुमारास डोळ्याच्या कवचाला बारीक छिद्र पाडून नेत्रजलाला नवी वाट देण्याची शस्त्रक्रिया रूढ केली आणि ती जगभर स्वीकारली गेली. १९६८ साली केर्न्स यांनी वर्णिलेली सुधारित शस्त्रक्रिया आजही प्रचारात आहे.

औषधांत १९७८ साली टिमोलॉल आणि १९९६ साली लॅटॅनोप्रॉस्ट हे थेंब अमेरिकेत मान्य झाले. आज ते भारतातही सर्वत्र वापरले जातात. लेसर किरणांचा उपयोगही वाढला आहे. ब्रिटनमधील २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आरंभीच लेसर उपचार केलेल्या डोळ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश डोळ्यांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज भासली नाही. या सर्व उपायांचे उद्दिष्ट एकच : डोळ्यातील दाब उतरविणे. स्वीडनमधील अभ्यासानुसार दाब एक मिलिमीटरने उतरला तरी विकार बळावण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतो. दाब मुळातच मर्यादेत असलेल्या रुग्णांनाही तो आणखी उतरविल्याने लाभ होतो, हे १९९८ साली सिद्ध झाले. दाब उतरल्याने चाळणीवरील ताण हलका होतो आणि रक्ताची वाटही मोकळी होते; म्हणून जुन्या वादातील दोन्ही पक्षांना मान्य असा हा उपाय आहे. गेलेली दृष्टी त्याने परत येत नाही. उरलेली मात्र राखता येते.

गावपातळीवर काय करता येईल?

भारतात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्यामुळे मोतीबिंदूची शिबिरे गावोगाव पोहोचली. काचबिंदूच्या बाबतीत शिबिरापेक्षा नित्य दक्षता अधिक फलदायी ठरते. त्यासाठी पुढील गोष्टींकडे लक्ष पुरविणे इष्ट होईल.

पहिली गोष्ट, चाळिशीनंतर डोळ्यांच्या संपूर्ण तपासणीची. चाळिशीचा चष्मा घेताना केवळ नंबर काढून थांबू नये; डोळ्यातील दाब आणि नसेचे मुख यांची तपासणीही त्याच वेळी व्हावी. केवळ दाब मोजणे पुरेसे नाही, हे वरील विवेचनावरून स्पष्ट होईल.

दुसरी गोष्ट, कुटुंबाची. काचबिंदूच्या रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना व मुलांना हा विकार होण्याचा संभव इतरांपेक्षा अनेक पटींनी अधिक असतो. गावात एक रुग्ण सापडला की त्याच्या घरातील सर्व प्रौढांना तपासणीस पाठविण्याचे काम आशा स्वयंसेविका व पंचायत सदस्य सहज करू शकतील. मधुमेह असणारे, मोठा उणे नंबर असणारे आणि डोळ्याला पूर्वी मार लागलेले यांचाही त्यात समावेश करावा.

तिसरी गोष्ट, ‘बिंदू पिकू द्या’ या सल्ल्याची. नजर मंदावली म्हणजे मोतीबिंदूच, असे गृहीत धरून वाट पाहत बसणाऱ्या वृद्धांपैकी काहींच्या डोळ्यांत काचबिंदू दबा धरून असतो. नजर कमी होण्याचे कारण तपासणीनेच ठरावे.

चौथी गोष्ट, स्टेरॉइड असलेल्या थेंबांची. डोळे खाजतात म्हणून दुकानातून आणलेले असे थेंब महिनोन्‌महिने घातल्याने काहींचा दाब वाढून कायमचे अंधत्व येते. ॲलर्जीने डोळे चोळणाऱ्या शाळकरी मुलांच्या बाबतीत शिक्षकांनी पालकांना याची जाणीव द्यावी.

पाचवी गोष्ट, तान्ह्या मुलांची. जन्मजात काचबिंदूत बाळाचे डोळे मोठे दिसतात, त्यांतून पाणी येते आणि बाळ उजेडाकडे पाहू शकत नाही. टपोऱ्या डोळ्यांचे कौतुक करण्याऐवजी अशा बाळास तातडीने दाखविणे हिताचे होय.

शेवटची गोष्ट, उपचारातील सातत्याची. थेंब घालून नजर सुधारत नाही; म्हणून ‘गुण येत नाही’ असे समजून अनेक रुग्ण ते बंद करतात. नजर आहे तेवढीच टिकणे हाच या औषधाचा गुण आहे, हे रुग्णाला व घरच्यांना समजावून सांगितले पाहिजे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने आपल्याला काचबिंदू असल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे, म्हणजे रात्रीच्या गोळीची मात्रा व वेळ ते विचारपूर्वक ठरवू शकतील. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे मात्र धोक्याचे आहे.

काचबिंदू हाकाटी करीत येत नाही. तो एकेक तंतू आणि एकेक केशवाहिनी हिरावून नेतो आणि घरधन्याला त्याची चाहूल लागत नाही. विज्ञानाने आता हा ऱ्हास मिलिमीटरच्या सहस्रांशापर्यंत मोजण्याची साधने दिली आहेत. परंतु त्या साधनांसमोर माणूस वेळेवर येऊन बसला, तरच त्यांचा उपयोग. त्याला तेथवर आणण्याचे काम शाळेतील शिक्षक, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि गावातील आरोग्य कर्मचारी यांच्या हातचे आहे.